मस्कतला निघालेलं सामान

जिल्ह्याच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावरून मस्कतला रोज विमान सुटायचं, पण त्यात फक्त सामान असायचं. माणसं आता घरूनच आपली प्रतिमा पाठवून भेटीगाठी उरकत.

सिंधूकाकू तेलाची बाटली घेऊन थेट सामानाच्या काट्यावर चढून बसल्या.

“काकू, प्रतिमा पाठवा ना,” काउंटरवरचा पराग म्हणाला. “लेकीला हुबेहूब दिसाल.”

“नुसती दिसून काय करू? नातवाला तेल चोळायचंय. प्रतिमेचा हात आरपार जातो, मेल्या!”

“विमानात माणसं घेत नाहीत.”

“मग मला सामान समज.”

“सामान बोलत नाही, काकू.”

काकूंनी तोंड मिटलं, ‘नाजूक, आदळू नये’ची चिठ्ठी उचलून कपाळावर चिकटवली आणि सामान विमानाकडे नेणाऱ्या पट्ट्यावर त्या सरकल्या.

परागने हाकांवर हाका मारल्या. सामानाने ओ दिली नाही.