निम्मा वाफा

सौंदर्यानं ढिगावरचं ओलं पोतं बाजूला ओढलं आणि सासूला म्हणाली, "अव्वा, हे कोंबडखत हाय. वांग्याच्या वाफ्यात घालायचं म्हणतोय मी."

रत्नव्वाचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला. ह्या लिंगायत घरात आजवर अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं.

"कुठनं आणलंस?"

"फाट्यावरच्या प्रियदर्शनीच्या पोल्ट्रीतनं. चार म्हयनं झालं कुजत घालून."

चार महिने सून दर आठवड्याला फावडं घेऊन घरामागच्या परड्याच्या भिंतीमागं जात होती. विचारलं की, "उसाचं पाचट कुजवालोय," म्हणायची.

"शिवकुमारला म्हाईत हाय?" रत्नव्वानं लेकाबद्दल विचारलं.

"न्हाय. पयलं तुमास्नीच सांगालोय."

म्हैस विकल्यापासून गोठा रिकामा होता. रत्नव्वाच्या गुडघ्यांना वैरणीचं झेपेना, आणि सौंदर्याला सकाळीच अंगणवाडीत जावं लागे. शेण नाही म्हणजे शेणखतही नाही. दोन वर्षं झाली, परड्यातली वांगी लिंबाएवढी होऊन पिवळी पडत होती.

"मला न सांगता घातलं असतंस, तर कळलं असतं का मला?"

"न्हाय."

"मग?"

"म्हणूनच सांगितलं की."

रत्नव्वा गुडघा धरून हळूच खाली बसली. मूठभर खत उचलून तिनं नाकाजवळ नेलं. तोंड आधीच वाकडं केलं होतं, पण घाण वास आलाच नाही. खत काळंभोर झालं होतं. मूठ उघडली तशी ते बोटांमधून मातीसारखं गळालं.

"ताजंच घातलं असतं तर रोपं करपली असती," सौंदर्या म्हणाली. "म्हणून एवढं दिस थांबलो."

रत्नव्वानं हात झटकले. पदराला मात्र पुसले नाहीत.

"निम्म्या वाफ्यात घाल. त्या अंगाला. ह्या अंगाचं मी खाईन."

सौंदर्यानं वाफ्याच्या मधोमध विटा लावल्या.

दोन-अडीच महिन्यांत त्या अंगाला जांभळी, चकचकीत वांगी लोंबायला लागली. ह्या अंगाला चार-दोनच धरली, त्यातलीही एखादी किडकी निघायची. सौंदर्या दोन कढयांत भाजी करू लागली. रत्नव्वा आपल्या कढईतली एवढीशी भाजी भाकरीवर घ्यायची आणि तेवढ्यावर जेवण उरकायची.

एका रविवारी सकाळी सौंदर्या पाण्याची बादली घेऊन परड्यात आली, तर सासू वाफ्यात बसलेली. शेजारी खतानं भरलेली पाटी. खुरप्यानं झाडाचं बूड मोकळं करायचं, मूठभर खत घालायचं, वरून माती ओढायची. तीन झाडं झाली होती.

"अव्वा, ही तुमची बाजू हाय."

"म्हाईत हाय की."

"मग तुमी खाणार काय?"

रत्नव्वानं वर पाहिलं नाही. चौथ्या झाडाची पिवळी पानं खुडून टाकली आणि पाटीत हात घातला.

"नेम माझा हाय," ती म्हणाली. "झाडांनी कशापायी उपाशी ऱ्हायाचं?"