तंजावरहून तासाभरात
“कुणाला पटायचं नाही, पण तीनशे किलोमीटरवर तंजावरला सोडलेलं हे कबूतर तासाभरात आपल्या मैलापूरच्या या गच्चीवर परतलं. वाटेत एका विमानाला बाजूला व्हायला लावलं!” टोपलीतल्या आजारी कबुतराची वाकडी मान कुरवाळत संताजी म्हणाले. पक्ष्यांचे विषाणू तपासणारी त्यांची नात सुष्मिता गच्चीवरच्या उरलेल्या बारा कबुतरांना लस टोचत होती. “ही वाचतील, ताता. पण रोग जिथून आला, तिथली पाखरंही वाचवायला हवीत. तुमच्या शब्दावर आमची माणसं उद्या लस घेऊन तंजावरला निघणार आहेत. इकडे या कबुतराच्या घशातल्या विषाणूची जनुकं तर इथल्याच, शहराबाहेरच्या तांबरमच्या कोंबड्यांत सापडलेल्या विषाणूशी तंतोतंत जुळतात.” संताजींनी मिशीवर बोट फिरवलं. “मग तांबरमवरून उडताना चिकटला असेल.” “कोंबड्या काय आभाळात उडतात? तुम्ही तंजावरला गेलाच नव्हतात, ताता! तांबरमच्या कोंबडीबाजारात टोपली उघडी ठेवून गप्पा छाटत बसला होतात.”