फळ्यावरची छत्री

"शेवटच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय केलंत, ते जरा फळ्यावर काढून दाखवा," मुख्य इंजिनिअर म्हणाले आणि त्यांनी मार्कर तिच्यापुढे सरकवला.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.

"अहो मॅडम, आपण सगळे एकाच क्षेत्रातले." शेजारी बसलेली भरतीवाली बाई गोड हसली. "आम्हालाही गुप्त कामासाठीच माणूस हवंय."

"म्हणूनच."

आता बोला! गुप्त कामाचं सरकारी क्लिअरन्स असलेली, तोंडाला कुलूप असलेली माणसं हवीत म्हणून जाहिरात द्यायची आणि माणूस समोर येऊन बसलं की म्हणायचं, कुलूप उघडा बघू! या कुलपापायी तिने काय काय सोसलं होतं. सासूबाईंना तिने सांगितलं होतं की ती ऑफिसात प्रिंटर सांभाळते. सासूबाईंनी ते गावभर केलं, आणि सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारचे बिघडलेले प्रिंटर दारात येऊन पडू लागले. नवऱ्याने खोदून खोदून विचारलं, रुसूनही पाहिलं. तिने चकार शब्द काढला नाही. मग एक दिवस प्रोजेक्ट संपला आणि ती घरी बसली. असलं काम हातात नसलं की क्लिअरन्सही जातं. तिचं या महिन्याअखेर जाणार होतं. ते पुन्हा मिळवायचं म्हणजे चौकशीचं सगळं लचांड पहिल्यापासून, आणि तोवर या धंद्यात कुणी दारातही उभं करत नाही. ही नोकरी तिला हवीच होती.

म्हणून तिने राग गिळला. "तुम्ही एखादी नवी अडचण द्या मला. इथल्या इथे सोडवून दाखवते. त्यावरून काय ती पारख करा."

"अडचणी सोडवणारे ढीगभर मिळतात हो. अनुभव दिसायला हवा. सकाळी एक गृहस्थ येऊन गेले, बघा तरी त्यांनी कसं सगळं मोकळेपणाने मांडलंय!" मुख्यांनी तिच्या पाठीमागे बोट दाखवलं.

तिने वळून पाहिलं. फळाभर चौकोन, चौकोनांतून बाण आणि मधोमध एक छोटीशी छत्री.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या जुन्या टीमची ती रीत होती. कामाचा जो गाभा होता त्याचं नाव कुठेही लिहायला सक्त मनाई होती, म्हणून त्याच्या जागी सगळे छत्री काढायचे. आणि उलट्या बाजूला वळलेल्या दांड्याची छत्री काढणारा टीममध्ये एकच होता, मौनीबाबा. लिफ्टमध्ये कुणी नुसतं गुणगुणलं तरी तोंडावर बोट ठेवणारा! छत्रीखालून निघालेला वळणाचा बाण तर तिचा स्वतःचाच; त्याच्यासाठी तिने रात्रीचा दिवस केला होता. ते सगळं आता काचेच्या भिंतींच्या खोलीत सकाळपासून उघडं पडलं होतं. चहावाला येऊन गेला होता. एसी दुरुस्त करणारा अजून फळ्याशेजारीच स्टुलावर उभा होता.

ती उठली, डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागली.

"अहो, अहो! दुसऱ्याचं कशाला पुसताय?"

कशाला, तेच तर तिला सांगता येत नव्हतं. 'हे खरं आहे' एवढं जरी म्हटलं, तरी मौनीबाबाने उरवलेलं तिने पुरं केल्यासारखं झालं असतं.

"पुसू द्या हो," मुख्य टेबलावरच्या मोबाइलवर टिचकी मारत म्हणाले. "फोटो काढून ठेवलाय मी. टीमच्या ग्रुपवर टाकलाय. फार आवडलं सगळ्यांना."

"तो फोटो काढून टाका. आत्ताच्या आत्ता!"

"का बरं?"

तिने डस्टर टेबलावर आपटलं.

"मॅडम, तुमच्यात जरा मोकळेपणा कमी आहे," भरतीवाली बाई म्हणाली. "आम्ही कळवू हं."

फाटकावर वॉचमनने तिचा फोन तपासायला घेतला आणि परत दिला. त्याआधी, आत जाताना कॅमेऱ्यावर चिकटवलेला स्टिकर जागचा हललेला नाही ना, हे त्याने नीट निरखून पाहिलं. "नियम म्हणजे नियम, मॅडम."

"आणि साहेबांच्या फोनला नाही का हो चिकटवत?"

"साहेबांना कोण चिकटवणार?" तो हसला.

ती तिथेच उभी राहून नखाने स्टिकर खरवडू लागली. जुन्या प्रोजेक्टच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर तिला तोंडपाठ होता. टीममध्ये सगळ्यांकडून तो घोकून घेतला होता. पण फोन केला की चौकशी लागणार, आणि ती संपेपर्यंत छत्रीवर काम केलेल्या सगळ्यांचं क्लिअरन्स थांबणार. तिचंही. मग महिनाअखेर गेली आणि क्लिअरन्सही गेलं. फोन नाही केला तर? कोणाला कळणार होतं! अळीमिळी गुपचिळी.

"अगं, तू इथे?" समोरून मौनीबाबाच येत होता, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून. "मला सही करायला बोलावलंय. जमलं बघ आपलं!"

"फळ्यावर काय काढून ठेवलंस तू?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि लिफ्टमधल्यासारखा आवाज अगदी खाली आणला. "नाव लिहिलं का मी कुठे? नुसती छत्री तर काढली."

तिने उरलेला स्टिकर ओरबाडून काढला आणि नंबर लावला.

"कुणाला लावतेयस?" त्याने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," ती म्हणाली.