न कळवता
कारखानदाराच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ‘पाहणीला येण्याआधी कळवत जा, साहेब. जेवणाची सोय करतो.’ मी मोम्बासातला कामगार मंत्रालयाचा निरीक्षक, भिडस्त. कळवूनच जायचो, आणि दारं उघडी असायची.

त्याच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या मेजुमा नावाच्या बाईचा निरोप आला, ‘एकदा न कळवता या.’ गेलो. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत बायका शिवत होत्या.

‘जेवून आलात ना, बाबा?’ मेजुमानं खिडकीच्या जाळीतून टोमणा मारला. ‘आग लागली तर आम्ही कुठून पळायचं?’

‘किल्ली मालकांकडे आहे,’ पहारेकरी म्हणाला. ‘उद्या या.’

‘कायद्यानं मी आत्ताच आत जाऊ शकतो.’ भीड सोडून मी म्हणालो, ‘कुलूप तोडा.’

कुलूप तुटलं. परतल्यावर पत्राचं उत्तर टपालात टाकलं: ‘यापुढे कळवीन ती फक्त कोर्टाची तारीख.’