उलटा तडा

कुणाचा लेख किती जणांनी संदर्भाला घेतला, या मोजणीत पुलांचे तडे अभ्यासणारे सर पहिले आले. "इतक्यांनी वाचलं, एकाचाही फोन कसा नाही हो?" बायकोने विचारलं. कुतूहलाने त्यांनी संदर्भ घेणाऱ्यांचे लेख उघडले. सगळीकडे त्यांच्या लेखाचा पृष्ठक्रमांक चुकलेला, चूकही तीच. पहिल्याने चुकवला, बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवला. "अगं, कुणी वाचलाच नाही." एकीचा मात्र क्रमांक बरोबर होता, तळटीपेत शंकाही: आकृतीतला तडा उलटा तर नाही? "भरल्या सभेत एक तरी जागी निघाली," बायको हसली. ही शंका घेणारी सरांच्याच विभागातली. तिच्या लेखांना संदर्भ कमी म्हणून बढतीच्या यादीतून कालच त्यांनी तिला वगळलेलं. सरांनी आकृती भिंगाखाली धरली. तडा उलटाच होता. "आधी तिला यादीत घेतो," चपला घालत सर म्हणाले, "मग आणखी कुठे चुकलोय ते तिलाच विचारतो."