रस्त्याकडची चौकट

विटांच्या ढिगावर टेपरेकॉर्डर ठेवून कस्तुरा नवऱ्याची कॅसेट ऐकत होती आणि दाराची चौकट धरून किसन गवंडी तिच्या तोंडाकडं बघत उभा होता. भीमराज कुवेतला वेल्डर. सांगवीचं घर तो तिथून कॅसेटवरच बांधून घेत होता. दोघांत एकच कॅसेट ये-जा करायची. त्याचं बोलणं पुसून ती आपलं भरायची. जोत्यापासून खिडक्यांपर्यंत ती आजवर त्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. या खेपेला तो म्हणत होता, "बबनरावांचा निरोप आला. देवळाच्या वाटेवर आपल्या लोकांचं दार नको म्हणत्यात. दार मागच्या बोळात काढ. तू एकटी हायस, वाद नको." समोरच्या ओट्यावर बसलेले गावचे पुढारी बबनराव हसले. "ऐकलंस ना, मालक काय म्हणतोय?" "ऐकलं की," कस्तुरा म्हणाली. "पण मागच्याच दारानं शिरायचं असतं, तर त्यांनी एवढ्या लांब जाऊन हात कशाला भाजून घेतले असते? किसनभाऊ, चौकट रस्त्याकडंच उभी करा." तिनं कॅसेट मागं फिरवली. किसननं चौकट उभी करून पाचर ठोकायला घेतली, तसे बबनराव ओट्यावरून उतरून शिव्या देत आले. कस्तुरानं प्ले-रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबली. भीमराजचा शब्द पुसत हातोडीचे ठोके भरले, बबनरावांच्या शिव्याही भरल्या. मग तिनं टेप तोंडाजवळ धरला. "अहो, आपलं दार बसतंय. शिव्यांकडं लक्ष देऊ नका. येताना समोरून या."