थंडीतला हिसका

थंडी पडली की धोंडिरामांना मुलाने घेऊन दिलेली ऑटोमॅटिक गाडी सकाळी हिसके देई. दुपारी तीच गाडी लोण्यासारखी चाले. सांगलीच्या मिस्त्रीने गिअरचं ऑइल बदललं, कॉम्प्युटर लावून बघितला. दोष काही सापडला नाही. शेवटी पुण्याहून मुलगा महेंद्र फोनवर म्हणाला, “आबा, दोष गाडीत न्हाई तर मग तुमच्यात हाय. रविवारी येतो, किल्ली माझ्याकडं द्या.”

धोंडिरामांनी लष्करात तीस वर्षं ट्रक चालवले होते. त्यांना जेवण गोड लागेना.

शनिवारी सकाळी, पलूसवर धुकं असतानाच त्यांची बायको बनाबाई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. “चला तासगावला. बघती मी.”

“तुला काय कळतंय गिअरातलं?”

“गिअरातलं न्हाई, तुमच्यातलं कळतंय.”

वेशीपर्यंत तीन हिसके बसले. बनाबाईंची नजर खालीच होती.

“आवं, थांबा. एरवी तुमी चप्पल काढून डावा पाय मांडीखाली घेऊन बसतासा. सकाळच्या थंडीत घालता हे लष्करी बूट. मग पाय ऱ्हातोय खाली, आन् ह्या गाडीत नसलेला क्लच हुडकत ब्रेकवर पडतोय.”

धोंडिरामांनी गाडी कडेला घेतली आणि वाकून पायाकडे बघितलं.

“रिटायर तुमी झालासा. डावा पाय अजून ड्युटीवरच हाय.”

पुढे तासगावपर्यंत गाडीने एकदाही हिसका दिला नाही. डावा बूट बनाबाईंच्या मांडीवर होता.